सिंगापूर-क्वालालंपूर : अंतर २९६ किलोमीटर, उड्डाण तासाभराचे, प्रवास पाच तासांचा

सिंगापूर आणि क्वालालंपूर या दोन शहरांमधील विमानप्रवासाला नेमका किती वेळ लागतो, हा प्रश्न आग्नेय आशियाच्या सहलीची आखणी करणाऱ्या बहुतेकांना पडतो. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींमध्ये ही दोन्ही शहरे बहुधा एकत्रच असतात. नोकरी-व्यवसायानिमित्त सिंगापुरात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनाही शेजारच्या देशाच्या राजधानीत ये-जा करावी लागते. प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून क्वालालंपूर आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे २९६ किलोमीटर आहे आणि वेळापत्रकानुसार उड्डाणाला एक तास ते सव्वा तास लागतो.

हे उत्तर बरोबर असले तरी प्रवाशाच्या दृष्टीने अपुरे आहे. 'तासाभराचे तर विमान' असे गृहीत धरून दिवसाचा कार्यक्रम आखणाऱ्याची फसगत होते. कधी सकाळची भेट हुकते, तर कधी मायदेशी परतण्याचे विमान चुकते. अंतर आणि वेळ यांचा मेळ का बसत नाही, तो तास कुठे खर्ची पडतो आणि प्रत्यक्षात किती वेळ हाताशी ठेवावा, याची माहिती येथे एकत्रित दिली आहे.

अंतर नेमके कोणते?

दोन शहरांतील अंतर म्हटले की एकच आकडा असेल असे आपल्याला वाटते. वास्तविक या मार्गावर निदान चार वेगवेगळी अंतरे सांगता येतात. सिंगापूरच्या मध्यवर्ती भागापासून क्वालालंपूरच्या मध्यवर्ती भागापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३१५ किलोमीटर भरते. चांगी ते क्वालालंपूर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे अंतर सुमारे २९६ किलोमीटर, म्हणजे जवळपास १६० सागरी मैल आहे. चांगीपासून क्वालालंपूरच्या जुन्या सुबांग विमानतळापर्यंतचे अंतर सुमारे ३३५ किलोमीटर होते. रस्त्याने जायचे तर साधारण ३५० किलोमीटर पडतात.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विमानतळांमधील अंतर शहरांमधील अंतरापेक्षा सुमारे २० किलोमीटरने कमी आहे. याचे कारण क्वालालंपूरचा मुख्य विमानतळ शहरात नसून दक्षिणेला सेपांग येथे, म्हणजे सिंगापूरच्या दिशेला आहे. सेपांगहून शहरात यायला रेल्वेमार्गाने ५७ किलोमीटर कापावे लागतात. विमानाने वाचवलेले अंतर प्रवाशाला जमिनीवरून पुन्हा, तेही जास्तीचे, कापावे लागते.

मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण द्यायचे तर मुंबई ते छत्रपती संभाजीनगर या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. म्हणजे हा आंतरराष्ट्रीय प्रवास अंतराच्या मानाने आपल्या राज्यातील प्रवासाएवढाच आहे. फरक आहे तो सीमेचा. येथे दोन देशांची पारपत्र तपासणी आडवी येते.

हिशेब स्वतः करून पाहा

पृथ्वी गोलाकार असल्याने दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर हे सपाट नकाशावरील रेषेने नव्हे, तर गोलावरील कमानीने मोजतात. या कमानीला बृहद्वृत्त म्हणतात. लांबच्या प्रवासात नकाशावरील रेषा आणि ही कमान यांत मोठा फरक पडतो. सिंगापूर आणि क्वालालंपूर मात्र विषुववृत्ताच्या अगदी जवळ आणि एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. त्यामुळे येथे शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयावरही काम भागते.

विषुववृत्तालगत अक्षांश असो वा रेखांश, एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. चांगी विमानतळ १.३६ अंश उत्तर अक्षांश आणि १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर आहे. क्वालालंपूरचा विमानतळ २.७५ अंश उत्तर आणि १०१.७१ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक १.३९ अंश, म्हणजे सुमारे १५४ किलोमीटर. रेखांशांतील फरक २.२८ अंश, म्हणजे सुमारे २५३ किलोमीटर. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण २९६ किलोमीटर येतो. विमानाची दिशा वायव्येची असते आणि वाटेत जोहोर, मलाक्का व नेगेरी सेंबिलान या मलेशियाच्या राज्यांचा प्रदेश लागतो. आकाश निरभ्र असेल तर खिडकीतून तेलताडाच्या बागांचे अखंड पट्टे दिसतात.

तास कुठे जातो?

आधुनिक जेट विमान पूर्ण उंचीवर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. त्या वेगाने २९६ किलोमीटर अंतर अवघ्या २२ मिनिटांत कापले जायला हवे. प्रत्यक्षात वेळापत्रकात ६५ ते ७५ मिनिटे दिलेली असतात. ६५ मिनिटे धरली तरी सरासरी वेग ताशी जेमतेम २७३ किलोमीटर पडतो. याउलट मुंबई-सिंगापूर हे सुमारे ३,९०० किलोमीटरचे अंतर साडेपाच तासांच्या आसपास पार होते. तेथे सरासरी वेग ताशी ७०० किलोमीटर येतो. विमाने त्याच जातीची, मग एवढी तफावत का?

पहिले कारण म्हणजे वेळापत्रकातील वेळ ही हवेतील वेळ नव्हे. विमानाने एका विमानतळावरील जागा सोडल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील जागेवर थांबेपर्यंतचा सारा वेळ त्यात धरलेला असतो. हवाई व्यवसायात याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे, धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, रांगेत आपली पाळी येण्याची वाट पाहणे, उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत येणे, या सगळ्यांत २० ते ३० मिनिटे सहज जातात. चांगी आणि क्वालालंपूर हे दोन्ही विमानतळ विस्तीर्ण आहेत. धावपट्टी ते टर्मिनल हे अंतरही त्यामुळे बरेच असते.

दुसरे कारण उड्डाणाच्या स्वरूपात आहे. एवढ्या छोट्या मार्गावर विमानाला पूर्ण वेगाने उडण्याची संधीच मिळत नाही. लांबच्या प्रवासात विमाने ३५ हजार फुटांच्या वर जातात. येथे ती वीस-पंचवीस हजार फुटांच्या आसपासच थांबतात. खाली उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल असा वैमानिकांचा ढोबळ हिशेब असतो. २४ हजार फुटांवरून उतरायचे तर ७२ सागरी मैल आधीच उतरणीला सुरुवात करावी लागते. एकूण मार्ग १६० सागरी मैलांचा. सुरुवातीच्या चढणीत साठेक मैल जातात. मधल्या सपाट उड्डाणासाठी ३० मैलही उरत नाहीत. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली विमानाचा वेग सर्वसाधारणपणे ताशी २५० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ४६० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवावा लागतो.

तिसरे कारण वाटेचे. विमान दोन विमानतळांमधील सरळ रेषेवरून उडत नाही. धावपट्टीच्या दिशेने उड्डाण करून ठरलेल्या वळणाने बाहेर पडणे आणि तसेच ठरलेल्या वळणाने धावपट्टीच्या रेषेत येणे बंधनकारक असते. प्रत्यक्ष कापलेले अंतर म्हणूनच २९६ किलोमीटरपेक्षा जास्त भरते. हे सारे जमेस धरता विमान हवेत ४० ते ४५ मिनिटे असते.

या भागात दिशेनुसार वेळेत फारसा फरक पडत नाही, हे प्रवाशांच्या सोयीचे आहे. उत्तर अटलांटिक महासागरावरून जाताना उंचावरील जोरदार वाऱ्यांमुळे जाण्या-येण्याच्या वेळेत तासाभराचाही फरक पडतो. विषुववृत्तालगत तसे प्रबळ वारे नसतात. जाताना आणि येताना लागणाऱ्या वेळेतील फरक काही मिनिटांचाच राहतो.

हवामान आणि आकाशाची वाटणी

वेळापत्रकातील वेळेत विमान कंपन्या काही मिनिटे राखीव ठेवतात. या व्यवसायाच्या रूढ संकेतानुसार १५ मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर मानला जात नाही. या मार्गावर राखीव वेळेची गरज मुख्यतः दोन कारणांनी भासते.

पहिले कारण पावसाळी ढगांचे. दोन्ही शहरांत वर्षभर गडगडाटी पाऊस पडतो आणि तो बहुधा दुपारनंतर येतो. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून येणारी वादळी पावसाची रांग पहाटेपासून दुपारपर्यंत केव्हाही धडकते. या वादळांना तेथे 'सुमात्रा' याच नावाने ओळखले जाते. वीज चमकत असताना विमानतळावरील कर्मचाऱ्यांना उघड्यावरील काम थांबवावे लागते. मग विमान वेळेवर उतरले तरी सामान यायला वेळ लागतो. सुमात्रा बेटावरील वणव्यांमुळे पसरणारा दाट धूर हेही या भागातील नेहमीचे संकट आहे. २०१३ आणि २०१५ मध्ये त्याचा मोठा त्रास झाला होता.

दुसरे कारण आकाशाच्या व्यवस्थापनाचे. सिंगापूर हे लहानसे बेट असल्याने तेथून उडालेले विमान काही मिनिटांतच शेजारी देशाच्या आकाशात शिरते. दक्षिण जोहोरवरील हवाई वाहतुकीचे नियंत्रण १९७४ च्या व्यवस्थेनुसार सिंगापूरकडे सोपवण्यात आले. हा विषय दोन्ही देशांत संवेदनशील राहिला आहे. सिंगापूरच्या सेलेटार या छोट्या विमानतळावर उतरण्याच्या मार्गावरून २०१८ च्या अखेरीस वाद उद्भवला. एप्रिल २०१९ मध्ये दोन्ही सरकारांनी तोडगा काढल्यानंतरच सुबांगहून येणारी पंख्याची विमाने तेथे उतरू लागली.

घड्याळ बदलावे लागत नाही

तिकिटावर दिलेल्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. सिंगापूर आणि मलेशिया यांची प्रमाणवेळ एकच आहे. ती ग्रिनिचपेक्षा आठ तासांनी आणि भारतापेक्षा अडीच तासांनी पुढे आहे. पूर्वी या दोन्ही ठिकाणी ग्रिनिचपेक्षा साडेसात तास पुढची वेळ होती. पूर्व आणि पश्चिम मलेशियाची वेळ एक करण्यासाठी मलेशियाने १९८२ च्या सुरुवातीला मलाय द्वीपकल्पातील घड्याळे अर्धा तास पुढे केली. सिंगापूरनेही त्याच वेळी तसाच निर्णय घेतला. त्यामुळे या मार्गावर सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांची वजाबाकी केली की प्रवासाचा काळ थेट मिळतो.

शेजारच्या इतर शहरांबाबत मात्र तसे नाही. जाकार्ता आणि बँकॉक ही शहरे सिंगापूरपेक्षा एक तासाने मागे आहेत. सिंगापूर-जाकार्ता हे अंतर सुमारे ८८० किलोमीटर आणि उड्डाण पावणेदोन ते दोन तासांचे आहे. तिकिटावर मात्र जाताना ते तासाभराचे आणि येताना तीन तासांचे भासते. सिंगापूर-बँकॉक हे अंतर सुमारे १,४१० किलोमीटर आहे आणि त्याला साधारण अडीच तास लागतात. तेथेही हाच एका तासाचा फरक लक्षात घ्यावा लागतो.

विमानतळ सरकले, अंतर बदलले

या मार्गाचा इतिहास पाऊणशे वर्षांहून जुना आहे. १ मे १९४७ रोजी मलायन एअरवेज या कंपनीने सिंगापूरहून क्वालालंपूर, इपोह आणि पेनांग या शहरांसाठी आठवड्यातून तीन वेळा नियमित विमानसेवा सुरू केली. 'एअरस्पीड कॉन्सल' जातीच्या दोन इंजिनांच्या त्या विमानात पाच-सहाच प्रवासी बसत. सिंगापूरचा तत्कालीन कालांग विमानतळ आणि क्वालालंपूरचा सुंगाई बेसी विमानतळ हे दोन्ही शहराला लागूनच होते. त्यांच्यातील अंतर सुमारे ३१३ किलोमीटर होते. ते विमान ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने उडे. म्हणजे हे अंतर कापायला त्याला सव्वा तास पुरे होता. आजच्या वेळापत्रकातील वेळेशी हा काळ ताडून पाहिला म्हणजे जेट युगाने या मार्गावर नेमके किती मिनिटे वाचवली, याची कल्पना येते.

पुढे विमाने मोठी झाली तसे विमानतळ शहरापासून दूर गेले. सिंगापूरचा विमानतळ १९५५ मध्ये कालांगहून पाया लेबारला आणि १९८१ मध्ये बेटाच्या पूर्व टोकाला चांगीला गेला. क्वालालंपूरचा विमानतळ १९६५ मध्ये सुबांगला आणि १९९८ मध्ये सेपांगला हलवण्यात आला. चांगी-सुबांग या ३३५ किलोमीटरच्या जागी चांगी-सेपांग हे २९६ किलोमीटरचे अंतर आले. विमानाची वाट सुमारे ४० किलोमीटरने कमी झाली, पण प्रवाशाची शहरापर्यंतची वाट लांबली.

मार्ग चालवणाऱ्या कंपन्यांचा इतिहासही दोन्ही देशांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियातून वेगळे झाले. तरीही विमान कंपनी काही वर्षे दोघांची सामाईकच होती. १९७२ मध्ये तिचे विभाजन होऊन सिंगापूर एअरलाइन्स आणि मलेशियन एअरलाइन सिस्टीम या दोन कंपन्या अस्तित्वात आल्या. पुढची सुमारे साडेतीन दशके या मार्गावर प्रामुख्याने याच दोघींचे वर्चस्व होते आणि अंतराच्या मानाने तिकीट महाग होते. १ फेब्रुवारी २००८ पासून स्वस्त दरातील विमान कंपन्यांना येथे मर्यादित प्रवेश मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून उड्डाणांच्या संख्येवरील निर्बंधही उठवण्यात आले.

जगातील सर्वाधिक गर्दीच्या मार्गांपैकी एक

निर्बंध उठल्याचा परिणाम पुढील दहा वर्षांत दिसून आला. विमानांच्या वेळापत्रकांची माहिती संकलित करणाऱ्या 'ओएजी' या संस्थेनुसार फेब्रुवारी २०१८ पर्यंतच्या बारा महिन्यांत या मार्गावर ३० हजारांहून अधिक उड्डाणे झाली. रोजची सरासरी सुमारे ८४ होती. उड्डाणांच्या संख्येनुसार तो त्या काळात जगातील सर्वाधिक वर्दळीचा आंतरराष्ट्रीय मार्ग ठरला.

करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि ही वर्दळ जवळपास ठप्प झाली. लस घेतलेल्या प्रवाशांसाठी २९ नोव्हेंबर २०२१ पासून विशेष विमानसेवा सुरू झाली. १ एप्रिल २०२२ रोजी जमिनीवरील सीमाही खुली झाली. त्यानंतर सेवा वेगाने पूर्वपदावर आली. २०२३ मध्ये सुमारे ४९ लाख आसनांसह हा मार्ग जगातील आंतरराष्ट्रीय मार्गांत पुन्हा पहिल्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये आसने वाढून सुमारे ५४ लाख झाली, मात्र हाँगकाँग-तैपेई मार्गाने पहिला क्रमांक घेतला आणि हा मार्ग चौथ्या स्थानी गेला.

प्रवाशाच्या दृष्टीने या गर्दीचा फायदा असा की एक विमान चुकले तरी दुसरे लवकर मिळते. तोटा हा की दोन्ही विमानतळांवर सकाळी आणि संध्याकाळी धावपट्टीसाठी रांग लागते आणि तासाभराच्या उड्डाणाला वीस मिनिटांचा उशीर सहज होतो.

दारापासून दारापर्यंत

आता प्रत्यक्ष प्रवासाचा हिशेब मांडू. सिंगापूरच्या मध्यवर्ती भागातील हॉटेलमधून सकाळी आठ वाजता निघालो असे समजा. मेट्रोने किंवा टॅक्सीने ८ वाजून ४० मिनिटांनी चांगी येते. आंतरराष्ट्रीय प्रवास असल्याने दोन तास आधी हजर राहणे इष्ट, म्हणून १० वाजून ४० मिनिटांचे विमान धरू. ते पावणेबाराला सेपांगला पोहोचेल. पारपत्र तपासणी आणि सामान यांत पाऊण तास गेला तर साडेबारा वाजतील. विमानतळावरून शहराच्या मध्यवर्ती स्थानकापर्यंत जाणारी जलद रेल्वे टर्मिनल एकहून २८ मिनिटे आणि टर्मिनल दोनहून ३३ मिनिटे घेते. गाडीची वाट पाहण्यासह सव्वा वाजता आपण स्थानकावर आणि दीड वाजता हॉटेलवर पोहोचू. एकूण वेळ साडेपाच तास झाला. सोबत फक्त हातातली बॅग असेल आणि प्रवासाचा सराव असेल तर साडेचार तासांत काम भागते. त्याहून कमी वेळ गृहीत धरू नये.

याच प्रवासाला शहरातून शहरात जाणारी बस पाच ते सहा तास घेते. बसने जाताना सीमेवर दोनदा उतरावे लागते. एकदा सिंगापूरमधून बाहेर पडताना, एकदा मलेशियात शिरताना. सुटीच्या दिवशी आणि शनिवार-रविवारी जोहोरच्या सेतुमार्गावर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात आणि सहाचे आठ तासही होतात. रेल्वेने जायचे तर सीमेवर जोहोर बारू येथे गाडी बदलावी लागते. सिंगापूर शहरातील तांजोंग पागार हे जुने स्थानक ३० जून २०११ नंतर बंद झाले. त्यानंतर मलेशियाची रेल्वे सीमेलगतच्या वुडलँड्सच्या पुढे येत नाही.

या दोन शहरांना ९० मिनिटांत जोडणाऱ्या सुमारे ३५० किलोमीटरच्या अतिवेगवान रेल्वेचा करार डिसेंबर २०१६ मध्ये झाला होता. २०१८ मध्ये तो लांबणीवर पडला आणि २०२० च्या अखेरीस संपुष्टात आला. करार मोडल्याबद्दल मलेशियाने सिंगापूरला सुमारे १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरपाई दिली. ती रेल्वे झाली असती तर शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतच्या प्रवासात विमानाला मागे टाकू शकली असती.

तूर्त निवड विमान आणि बस यांतच करायची आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी, जड सामानासह कुटुंब जात असेल आणि हॉटेल बसथांब्याजवळ असेल तर बस सोयीची आणि स्वस्त पडते. सुटीच्या दिवशी, ज्येष्ठ नागरिक सोबत असताना किंवा वेळेचे बंधन असताना विमानच बरे.

परतीचे विमान जोडताना

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती क्वालालंपूरहून सिंगापूरला येऊन त्याच दिवशी भारताचे विमान पकडताना. चांगीहून संध्याकाळी सातला मुंबईचे विमान आहे असे समजा. तासाभराचे अंतर म्हणून कुणी दुपारी तीनचे विमान घेईल. ते वेळेवर सुटले तर चार-सव्वाचारला उतरेल. दोन्ही तिकिटे वेगवेगळी असतील तर सिंगापूरमध्ये प्रवेशाची तपासणी करून, सामान घेऊन, कदाचित टर्मिनल बदलून पुन्हा सामान द्यावे लागेल. दुपारच्या पावसाने तासभर उशीर झाला तर हे सारे अशक्य होते आणि चुकलेल्या विमानाचे पैसे बुडतात. अशा वेळी दुपारी बाराच्या आधीचे विमान घेणे शहाणपणाचे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर सामान थेट पुढे जाते आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते.

व्हिसाचाही विचार आधीच करावा. भारतीय पारपत्रधारकांना सिंगापूरचा व्हिसा घ्यावा लागतो. मलेशियाला जाऊन पुन्हा सिंगापूरमध्ये यायचे असेल तर आपला व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा, हे तपासून घ्यावे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेशाची सवलत सुरू केली. तिची मुदत वेळोवेळी ठरवली जाते. दोन्ही देशांत येण्यापूर्वी आगमनपत्रिका संगणकावरून भरावी लागते. निघण्यापूर्वी दोन्ही सरकारांचे ताजे नियम पाहून घेणे योग्य.

थोडक्यात महत्त्वाचे

- हवाई अंतर (चांगी ते क्वालालंपूर आंतरराष्ट्रीय विमानतळ) : सुमारे २९६ किलोमीटर, १६० सागरी मैल
- शहर ते शहर सरळ रेषेत : सुमारे ३१५ किलोमीटर, रस्त्याने सुमारे ३५० किलोमीटर
- वेळापत्रकातील वेळ : एक तास ते सव्वा तास, प्रत्यक्ष हवेत ४० ते ४५ मिनिटे
- दारापासून दारापर्यंत : विमानाने साडेचार ते साडेपाच तास, बसने पाच ते सहा तास
- प्रमाणवेळ : दोन्हीकडे एकच, भारतापेक्षा अडीच तास पुढे
- विमानतळांची सांकेतिक अक्षरे : चांगी 'एसआयएन', क्वालालंपूर आंतरराष्ट्रीय 'केयूएल', सुबांग 'एसझेडबी', सेलेटार 'एक्सएसपी'
- तिकीट घेताना विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही तपासावेत. 'केयूएल' ही अक्षरे सेपांगच्या दोन्ही टर्मिनलसाठी वापरली जातात.